आवाजाबद्दल नव्हे, टेकबद्दल बोला: नवोदित आवाज-कलाकाराला अभिप्राय देताना

नवोदित आवाज-कलाकार आपला नमुना पाठवतो आणि खाली एवढेच लिहितो, ‘कसं वाटलं ते सांगा.’ ऐकणारा बहुधा ‘आवाज छान आहे, सराव चालू ठेव’ असे उत्तर देऊन मोकळा होतो. दोघांचेही समाधान होते, पण त्या उत्तराने पुढच्या टेकमध्ये, म्हणजे मजकूर पुन्हा मुद्रित करण्याच्या पुढच्या खेपेत, काडीचाही फरक पडत नाही. आवाज स्वरतंतूंच्या लांबी-जाडीतून आणि घशा-तोंडाच्या घडणीतून आलेला असतो. त्याचे कौतुक करणे म्हणजे उंचीचे कौतुक करणे, आणि त्याला नावे ठेवणे तर त्याहून निरर्थक. टेक मात्र त्या माणसाने केलेला असतो. कुठे थांबायचे, कोणत्या शब्दावर जोर द्यायचा, आपण कोणाशी बोलतो आहोत असे मानायचे, माईकपासून किती अंतरावर उभे राहायचे हे सगळे त्याचे निर्णय असतात, आणि निर्णय बदलता येतात. म्हणून अभिप्राय देणाऱ्याने आपल्या प्रत्येक वाक्याला एकच कसोटी लावावी: हे वाचून समोरच्याला पुढचा टेक वेगळा करता येईल का? येणार नसेल, तर ते वाक्य कितीही खरे असले तरी खोडून टाकावे.

ऐकायला बसण्यापूर्वी नमुना कशासाठी केला आहे हे विचारून घेणे आवश्यक आहे. तीस सेकंदांच्या जाहिरातीत जी धार लागते, तीच धार आठ-दहा तासांच्या श्राव्य पुस्तकात श्रोत्याला अर्ध्या तासात थकवते. अॅनिमेशनमधल्या पात्राला जो अतिरेक शोभतो, तो माहितीपटाच्या निवेदनात हास्यास्पद वाटतो. एकदा मी एका मुलीच्या नमुन्यावर ‘फारच सपाट’ असा शेरा मारून मोकळा झालो आणि नंतर कळले की ते टेलिफोनवरच्या स्वयंचलित सूचनांचे वाचन होते, म्हणजे सपाटपणा हाच त्याचा गुण होता. त्या मुलीने अतिशय सभ्यपणे ते माझ्या लक्षात आणून दिले. त्याच वेळी आणखी एक गोष्ट विचारावी: हातात वेळ किती आहे? उद्या सकाळी ऑडिशन असेल, तर आज रात्रीत सुधारता येईल तेवढेच सांगावे. सहा महिन्यांच्या रियाजाने सुटणारी उच्चाराची सवय आदल्या रात्री दाखवून दिली, तर ती सुटत नाहीच, उलट ऑडिशनभर तेच मनात घोळत राहते.

ऐकण्याची रीत

पहिल्यांदा ऐकताना हातात कागद-पेन आणि समोर संहिता, दोन्ही नसावे. कान झाकणाऱ्या हेडफोनवर सलग एकदा ऐकावे आणि फक्त एवढेच लक्षात ठेवावे की आपले मन कुठे भरकटले. ते ठिकाण फार मोलाचे असते, कारण कोणताही श्रोता नेमका तिथेच निघून जाणार असतो. दुसऱ्या खेपेला संहिता समोर घेऊन मिनिट-सेकंदांसह नोंदी कराव्यात. ‘मधेच कुठेतरी घाईत झालं’ या वाक्याचा उपयोग शून्य आहे. ‘१:१२ ते १:२० या आठ सेकंदांत श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नाही’ हे वाक्य थेट वापरता येते. तिसऱ्यांदा मोबाईलच्या साध्या स्पीकरवर ऐकावे, कारण प्रत्यक्षात बरेच लोक तसेच ऐकतात आणि तिथे पुटपुटलेली अक्षरे पहिल्यांदा गळतात.

नोंदी करताना ध्वनिमुद्रणाचे दोष एका बाजूला आणि सादरीकरणाचे दोष दुसऱ्या बाजूला, अशी सरळ विभागणी करावी. ही दोन खाती एकत्र झाली की घोटाळा होतो. घुमणाऱ्या खोलीत केलेला उत्तम टेक ‘कृत्रिम’ वाटतो आणि महागड्या माईकवरचे निर्जीव वाचन ‘व्यावसायिक’ वाटते. शक्य असेल तर कोणतीही प्रक्रिया न केलेली मूळ फाईल मागून घ्यावी, कारण नवशिके बहुधा नॉइज रिडक्शनचा, म्हणजे मागचा खरखराट पुसणाऱ्या प्रक्रियेचा, इतका मारा करतात की शब्दांच्या कडा विरघळून जातात आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो.

तांत्रिक बाबी

हे खाते लवकर आटोपता येते, कारण इथले बहुतेक दोष मोजता येतात. प, फ, ब, भ या अक्षरांवर माईकमध्ये हवेचा धक्का बसून ‘फट्’ असा आवाज येत असेल, तर माईक तोंडापासून साधारण वीतभर, म्हणजे पंधरा ते वीस सेंटिमीटरवर ठेवून थोडा तिरपा करायला सांगावा, म्हणजे श्वासाचा झोत त्याच्या बाजूने निघून जातो. तोंडासमोर तळहात धरून ‘भीती’, ‘फाटक’ म्हटले की झोत कुठे जातो ते लगेच हाताला कळते. पातळी मर्यादेबाहेर जाऊन आवाज फाटला असेल, तर तो तुकडा पुन्हा करण्याला पर्याय नाही. गेन, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ती पातळी, कमी करून नवा टेक घ्यावा. खोली घुमत असेल, तर नवा माईक घेण्याआधी जाड पडदे, गाद्या किंवा कपड्यांनी भरलेले कपाट वापरून पाहायला सांगावे. तोंड कोरडे पडल्याने येणारे चटचट आवाज पाण्याच्या घोटाने बरेचसे कमी होतात. श्राव्य पुस्तकाचा नमुना असेल, तर श्राव्य पुस्तके विकणाऱ्या ऑडिबल कंपनीच्या एसीएक्स या मंचाचे निकष मोजपट्टी म्हणून उपयोगी पडतात: सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबल, सर्वोच्च पातळी उणे ३ डेसिबलच्या आत, आणि शांततेतला खोलीचा आवाज उणे ६० डेसिबलहून अधिक नाही.

एका मोहाबद्दल मात्र वेगळे सांगायला हवे. नेहमीच्या एकदिश (मुख्यतः समोरचाच आवाज टिपणाऱ्या) माईकच्या अगदी जवळ बोलले की खालचे स्वर वाढतात आणि आवाजाला आयताच खर्ज येतो. नवोदितांना हा खर्ज भलताच आवडतो, आणि तो टिकवण्यासाठी ते माईकला चिकटून बोलू लागतात. मग पात्र कुजबुजते की भांडते आहे याचा पत्ता लागत नाही, कारण सगळेच कानाशी येऊन बोलल्यासारखे होते. अशा वेळी ‘जवळून बोलू नकोस’ असे म्हणण्यापेक्षा ‘समोरचा माणूस खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे, तिथपर्यंत पोचव’ असे सांगितले, तर अंतरही आपोआप सुधारते आणि फेकही.

याउलट, काहींना स्वतःचा मुद्रित आवाज ऐकवतच नाही. आपला आवाज आपल्याला एरवी हवेतून आणि कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, मुद्रणात हाडांतून येणारा भाग नसतो, म्हणून तो पातळ आणि परका वाटतो. हे एकदा समजावून सांगितले की आवाज ‘जड’ करण्याची केविलवाणी धडपड बहुतेक वेळा तिथेच थांबते.

सादरीकरण

खरा अभिप्राय इथे सुरू होतो. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. आवाज-कलाकाराकडून श्रोत्यापर्यंत पोचतो तो फक्त वाचिक अभिनय. बाकीच्या तिघांचे कामही त्यालाच करावे लागते. त्यामुळे ‘भाव कमी पडले’ ही तक्रार सगळ्यात जास्त वेळा केली जाते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसानही तीच करते.

मी स्वतः हे केलेले आहे. एका नवोदित कलाकाराला एक छोटा प्रसंग दिला होता: भांडून घर सोडून गेलेला मुलगा चार महिन्यांनी फोन करतो आणि ‘मी आलो तर चालेल का?’ असे विचारतो. आई म्हणते, ‘दार उघडंच आहे.’ तीन शब्द. पहिला टेक कोरडा झाला. मी म्हणालो, ‘अजून भाव हवेत.’ दुसऱ्या टेकमध्ये आवाज थरथरला. मी म्हणालो, ‘अजून थोडे.’ तिसऱ्या टेकमध्ये ती अक्षरशः हुंदके देत होती आणि ऐकायला अवघडल्यासारखे होत होते. दोष तिचा नव्हता. मी तिला पातळी वाढवायला सांगितले होते, तिने वाढवली. मग मी विचारले, ‘या बाईला मुलाला काय कळू द्यायचं नाहीये?’ ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘की ती रोज वाट बघत होती.’ चौथ्या टेकमध्ये तिने ते वाक्य जवळजवळ सहज, भाजी निवडता निवडता बोलावे तसे म्हटले. फक्त ‘उघडंच’च्या आधी श्वास किंचित अडकला. तो टेक ठेवला.

त्या दिवसापासून मी विशेषणांऐवजी क्रियापदे वापरतो. ‘दुःखी वाट’, ‘उत्साही हो’, ‘प्रेमळ कर’ या सूचना ऐकून कलाकार भावाचे सोंग आणतो. ‘विनव’, ‘डिवच’, ‘समजूत काढ’, ‘विषय टाळ’, ‘त्याला थांबव’ या सूचना ऐकून तो काहीतरी करू लागतो आणि भाव त्यामागून येतो. त्याच कारणाने प्रश्नही फार कामाचे असतात. तू कोणाशी बोलतेस? तो किती लांब आहे? या वाक्याच्या आधीच्या क्षणी काय घडलं? त्याच्याकडून तुला काय हवंय? ज्या नमुन्यात या चार प्रश्नांची उत्तरे ठरलेली नसतात, तो ‘वाचल्यासारखा’ वाटतो. मग कलाकाराला संहिता बाजूला ठेवून तोच मजकूर आपल्या शब्दांत एकदा सांगायला लावावा आणि लगेच मूळ मजकूर वाचायला द्यावा. दुसऱ्या वाचनात स्वल्पविरामापाशी शिस्तीत थांबण्याची शाळकरी सवय बहुधा गळून पडलेली असते.

मराठीत वाचणाऱ्यांच्या बाबतीत वाक्याच्या शेवटाकडे विशेष लक्ष द्यावे. आपले क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही मागे, पण श्वास नेमका तिथेच संपत आलेला असतो. ‘मी त्याला आत येऊ देणार नाही’ या वाक्यातला ‘नाही’ खाली पडून विरला, की श्रोत्यापर्यंत नेमका उलटा अर्थ पोचतो. ‘शेवट पडतोय’ एवढे सांगून भागत नाही, कारण त्यावर उपाय म्हणून नवोदित शेवटचा शब्द वर उचलू लागतो आणि प्रत्येक वाक्याला तोच हेल बसतो. त्याऐवजी श्वास कुठे घ्यायचा ते संहितेवर खूण करून ठरवायला सांगावे. तसाच दुसरा मुद्दा ‘च’ आणि ‘ही’ यांचा. ‘तूच सांगितलंस’ यात जोर ‘तू’वर असतो आणि ‘च’ त्याला चिकटून येतो. बरेच जण ‘च’वर हातोडा मारतात आणि वाक्य तक्रारीच्या सुरात जाते.

आपण स्वतः वाक्य बोलून दाखवावे का, हा नेहमीचा वाद आहे. मी शक्यतो दाखवत नाही, कारण ऐकणारा अर्थ न पकडता चाल पकडतो आणि मग आपल्याच आवाजाची फिकट नक्कल ऐकावी लागते. अपवाद दोन: अपरिचित नावांचे उच्चार आणि डबिंगमधली वेळेची गणिते. डबिंगमध्ये पडद्यावरच्या पात्राचे ओठ मिटतात तिथे प, ब, भ, म यांपैकी एखादे अक्षर आले तर शब्द तोंडात बसल्यासारखे दिसतात. हे समजावत बसण्यापेक्षा एकदा चित्रासमोर करून दाखवणे सोपे जाते.

उच्चार आणि बोली

‘चूक’मधला च आणि ‘चित्र’मधला च, ‘जागा’मधला ज आणि ‘जीव’मधला ज वेगळे आहेत, आणि लिपीत तो फरक दिसत नाही. मराठी ज्याची पहिली भाषा नाही, त्याला हे नियम सांगून कळत नाहीत, शब्दांच्या जोड्या ऐकवून कळतात. ण-न आणि ळ-ल यांचेही तसेच. मात्र दोष आणि बोली यांत गल्लत करू नये. प्रमाण भाषेतल्या निवेदनात ‘पाणी’चे ‘पानी’ झाले तर ते दाखवून द्यावे. पात्राच्या तोंडी तेच ‘पानी’ त्या पात्राचे गाव, वय आणि घर सांगत असेल, तर त्याला हात लावू नये. ‘तुझा हेल घालव’ असे सांगण्याऐवजी ‘या कामासाठी हेल बाजूला ठेव, पण विसरू नकोस’ असे सांगावे. आपल्या बोलीवर हुकूमत असलेला आणि प्रमाण भाषाही सफाईने बोलणारा कलाकार एका भाषेच्या कलाकारापेक्षा जास्त भूमिकांना उपयोगी पडतो.

अभिप्राय लिहिताना

पंधरा नोंदी निघाल्या तरी पाठवाव्यात दोन, फार तर तीन. उरलेल्या जपून ठेवाव्यात. पहिल्या तीन सुधारल्या की त्यांतल्या निम्म्या आपोआप नाहीशा झालेल्या असतात. आधी कौतुक, मग टीका, मग पुन्हा कौतुक असा ठरीव साचा मला पटत नाही, कारण दोन-तीन वेळा तो ऐकलेला माणूस पहिल्या कौतुकापासूनच ‘पण’ची वाट पाहू लागतो. कौतुकही टीकेइतकेच नेमके असावे, म्हणजे काय टिकवायचे ते कळते. पुढील दोन उत्तरे एकाच नमुन्याला दिलेली आहेत असे समजावे. पहिले असे:

‘छान प्रयत्न! एनर्जी थोडी कमी वाटली, उच्चारांवर काम कर, भाव अजून हवेत. बाकी मस्त.’

आणि दुसरे असे:

‘०:०७ ला “नको” म्हणण्याआधी तू घेतलेला पॉज फार आवडला, ती मनाशी काहीतरी ठरवते आहे हे तेवढ्यात कळलं. तो तसाच ठेव. ०:१५ ते ०:४० मध्ये मात्र प्रत्येक वाक्य एकाच पट्टीवर उतरतं, त्यामुळे तीन वेगळ्या बातम्या एकच वाटतात. ती तीन वाक्यं तीन वेगळ्या माणसांना सांगतेस असं धरून पुन्हा कर. ०:५२ ला “भीती”तला भ माईकवर फुटतो. माईक थोडा तिरपा कर. पुढच्या वेळी याच तुकड्याचे दोन टेक पाठव, मधलं काही कापू नकोस.’

दुसरे उत्तर लिहायला दहा मिनिटे जास्त लागतात. तेवढा वेळ नसेल तर ‘या आठवड्यात जमणार नाही’ असे कळवणे पहिल्या उत्तरापेक्षा बरे. शिकणारी व्यक्ती वयाने मोठी असेल, तर ‘तुम्ही’ वापरावे. नोकरी सांभाळून पन्नाशीत या कामाकडे वळलेल्या माणसाला ‘अरे, असं कर’ म्हटले, की पुढची सूचना त्याच्या कानावरून जाते.

समोरासमोर, स्टुडिओत

स्टुडिओत अभिप्राय देताना शब्दांइतकीच शांतताही जपून वापरावी लागते. काचेपलीकडच्या कलाकाराला, आपण टॉकबॅकचे बटण दाबेपर्यंत, काहीही ऐकू येत नाही. टेक संपतो, काचेच्या अलीकडचे तिघे एकमेकांकडे वळून काहीतरी बोलतात, कोणी हसते, कोणी मान हलवते. बहुधा चर्चा पुढच्या वेळापत्रकाची असते, पण पलीकडच्या नवोदिताला ती आपल्याविषयीच वाटते आणि त्याचा पुढचा टेक तिथेच बिघडतो. म्हणून टेक संपताक्षणी बटण दाबून काहीतरी सांगावे, मग ते ‘दोन मिनिटं थांब, आम्ही ऐकून घेतो’ एवढेच का असेना. टेक चालू असताना मधे तोडू नये. दर टेकला एकच सूचना द्यावी. आणि लागोपाठ पाच टेक होऊनही फरक पडत नसेल, तर सूचना चुकीची आहे असे मानून ती आपणच बदलावी.

किंचाळणे, रडणे, मारामारीचे आवाज असे घशावर ताण आणणारे तुकडे सत्राच्या शेवटी घ्यावेत. कलाकाराचा आवाज बसू लागला, घसा दुखू लागला किंवा तो सारखा खाकरू लागला, तर टेक कितीही जवळ आलेला असला तरी थांबावे. नवोदित स्वतःहून ‘थांबूया’ म्हणत नाही, त्याला काम हवे असते. ते म्हणणे ऐकणाऱ्याचे काम आहे. घोगरेपणा काही आठवडे टिकला, तर काढे आणि गुळण्या सुचवत न बसता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवावे.

‘मला हे जमेल का?’

हा प्रश्न येतोच, आणि त्याचे भविष्य सांगितल्यासारखे उत्तर देऊ नये. दोन-चार नमुने ऐकून कोणाचे भवितव्य कळत नाही. फार तर एवढे कळते की सूचना दिल्यावर हा माणूस टेक बदलू शकतो की नाही. तेच सांगावे. ‘तू सूचना लगेच पकडतेस, श्वासावर अजून ताबा नाही’ हे उत्तर प्रामाणिकही आहे आणि उपयोगीही. कोणी व्यावसायिक कामासाठी आपल्या आवाजाचा डेमो दाखवला, तर त्याची लांबी साठ ते नव्वद सेकंदांच्या आत आहे का आणि सर्वांत दमदार तुकडा सुरुवातीला आहे का, हे पाहावे. बहुतेक जण तो शेवटासाठी राखून ठेवतात, आणि निवड करणारा तिथपर्यंत ऐकतच नाही.

सुधारलेला टेक आला की जुना काढून दोन्ही एकापाठोपाठ ऐकावेत, पण आधी दोघांची पातळी सारखी करून घ्यावी, कारण जो टेक जरासा मोठ्याने वाजतो तो कानाला उगीचच बरा वाटतो. शक्य असल्यास फाईलींची नावे दुसऱ्या कोणाला बदलायला सांगून, कोणता जुना आणि कोणता नवा हे माहीत नसताना ऐकावे. कधी कधी जुनाच टेक सरस निघतो. तसे असेल तर तेही त्याच नेमकेपणाने, मिनिट-सेकंदांसह कळवावे आणि आपली कोणती सूचना मागे घेत आहोत ते लिहावे.